बडोद्याहून परदेशी इंग्रजी शिकवायला जाताना : कुठलं काम आधी, कुठलं नंतर

"इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट झालं, आता कुठे अर्ज करू?" बडोद्यातल्या मराठी घरांतून हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. दांडिया बाजारातली शिक्षिका असो, नाहीतर नुकताच एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी.ए. झालेला मुलगा, गोष्ट बहुतेक तीच असते. इंटरनेटवर सवलतीत दिसलेला कोर्स घेतला, पैसे भरले, रंगीत प्रमाणपत्र आलं. मग कळलं की मनात असलेला देश भारतीय पासपोर्टवर इंग्रजी शिक्षकाचा व्हिसाच देत नाही. किंवा पदवीवरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही. किंवा प्रमाणपत्रावर दूतावासाचा शिक्का बसत नाही.

यातला प्रत्येक अडथळा आधी दिसू शकतो, फक्त कामांचा क्रम बरोबर हवा. पुढचे टप्पे त्या क्रमाने लिहिले आहेत, त्यातला एखादा ओलांडून पुढे जाऊ नका.

सुरुवातीलाच एक सांगते. हातात पदवी नसेल तर आधी ती पूर्ण करा. खाली दिलेल्या देशांत पदवीशिवाय इंग्रजी शिक्षकाचा कायदेशीर परवाना मिळवणं जवळपास अशक्य आहे. "पदवी नको, आम्ही बघतो" असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या.

## टप्पा १ : पासपोर्ट समोर ठेवून देश ठरवा

तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी काही देश शिक्षकाचं नागरिकत्व आधी बघतात. हा नियम मला अन्यायाचा वाटतो, पण अर्ज त्याच नियमावर तपासला जातो. म्हणून देशांची चाळणी इथेच करा.

दक्षिण कोरिया. तिथला इंग्रजी शिक्षकाचा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. भारतीयांसाठी २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया करारातून एक अरुंद वाट आहे. शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाता येतं, पण पदवीबरोबर इंग्रजी शिकवण्याची अध्यापन पात्रताही लागते. नुसत्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर तिथल्या खासगी क्लासची नोकरी मिळेल असं कोणी सांगत असेल, तर ते खरं नाही.

चीन. इंग्रजी शिक्षकाच्या परवान्यासाठी सर्वसाधारणपणे इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचं नागरिकत्व मागतात. त्यात २०२१ मध्ये शालेय शिकवण्यांवर कडक बंधनं आली आणि कोचिंगचा मोठा बाजार आकसला. झेड व्हिसा, म्हणजे तिथला नोकरीचा व्हिसा, सोडून दुसऱ्या कुठल्याही व्हिसावर शिकवायला बोलावलं तर जाऊ नका.

जपान. इथे आपल्या मुलांना एक नियम फार उशिरा कळतो. शाळांत शिकवण्यासाठी जो 'इन्स्ट्रक्टर' दर्जा मिळतो, त्याला किमान १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेलं असावं लागतं. मराठी किंवा गुजराती माध्यमात दहावी झालेल्यांना ही वाट बहुधा बंद होते. खासगी भाषा-शाळांमधल्या नोकऱ्यांचा व्हिसा वेगळ्या प्रकारचा असतो आणि त्यात मुख्यतः पदवी बघतात. इंग्रजी माध्यमात शिकलेले असाल तर प्रत्येक शाळेकडून माध्यमाचा उल्लेख असलेलं पत्र आत्ताच घेऊन ठेवा. शाळा बंद पडतात, जुनी रजिस्टरं सापडत नाहीत.

थायलंड. नोकरीसाठीचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, वर्क परमिट आणि शाळेत शिकवायचं तर तिथल्या शिक्षक परिषदेची परवानगी, अशा तीन गोष्टी लागतात. मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांकडून बऱ्याच शाळा इंग्रजीच्या टोइक परीक्षेत ९९० पैकी ६०० च्या वर गुण मागतात.

व्हिएतनाम. पदवी, अध्यापनाचं सर्टिफिकेट, पोलीस दाखला आणि वैद्यकीय तपासणी यांवर वर्क परमिट मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांचं. बी.एड. नसलेल्या भारतीय पदवीधराने सुरुवात कुठून करावी असं विचारलंत, तर मी आधी व्हिएतनामचं नाव घेईन.

आखाती देश. दुबई, अबुधाबी, मस्कत इथल्या शाळांना प्रामुख्याने विषयाची पदवी, बी.एड. आणि वर्गातला अनुभव हवा असतो. दुबईच्या खासगी शाळांवर केएचडीए या सरकारी संस्थेची देखरेख आहे आणि शिक्षकाची नेमणूक तिच्या मंजुरीतून जाते. हातात बी.एड. असेल तर इंग्रजी शिकवण्याचा वेगळा कोर्स न करताही इथे अर्ज करता येतो. पदवी दूरशिक्षणाने घेतलेली असेल तर ती चालेल का, हे शाळेला लेखी विचारा.

तपासा : दोन देश निवडा, एक पहिला आणि एक पर्यायी. दोन्हींचे व्हिसाचे नियम त्यांच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. एजंटाच्या तोंडून ऐकलेला नियम वहीत उतरवू नका.

## टप्पा २ : नावं जुळवा

कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडतात.

गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नावाचा आणि आडनावाचा रकाना वेगळा. पदवीवर तिसराच क्रम. परदेशातल्या कारकुनाला आपली पद्धत ठाऊक नसते, त्याला तीन वेगळी माणसं दिसतात. त्यात आपल्याकडे गायकवाड आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं एका घरातल्या चौघांची चार तऱ्हेची असतात.

सगळे कागद एका टेबलावर मांडा : दहावी, बारावी, पदवी, बी.एड., जन्मदाखला, पासपोर्ट, आधार. एका कागदावर प्रत्येकातलं नाव अक्षरशः जसं आहे तसं लिहून काढा आणि खालचा क्रम पाळा :

१. क्रमाचाच फरक असेल तर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून ठेवा.

२. स्पेलिंगचा फरक असेल तर दुरुस्ती पासपोर्टमध्ये करायची की गुणपत्रिकेत, हे आधी ठरवा. पदवी बदलून घेण्यापेक्षा पासपोर्ट पुन्हा काढणं बहुतेक वेळा सोपं जातं.

३. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत हवाच. पदवी माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा, अशी जोडी असलेल्या ताईंनी राज्य सरकारच्या राजपत्रातली नावबदलाची नोंदही जवळ ठेवावी.

पासपोर्टवर 'ईसीआर'चा उल्लेख आहे का, तेही याच वेळी बघा. हा शेरा असलेल्यांना ठराविक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. दहावी उत्तीर्ण माणसाला हा शेरा काढून घेता येतो. थायलंड आणि संयुक्त अरब अमिराती दोन्ही त्या देशांच्या यादीत आहेत. शेरा राहिला आणि ही उत्प्रवास मंजुरी नसेल तर विमानतळावरून परत यावं लागतं.

सावध : पदवीचं लॅमिनेशन करू नका. शिक्के आणि स्टिकर कागदाच्या मागे लागतात, प्लास्टिकवर नाही. आधीच केलेलं असेल तर घरी इस्त्री किंवा ब्लेडने काढायला जाऊ नका. युनिव्हर्सिटीकडून दुसरी प्रत मागवा.

## टप्पा ३ : पदवीचं साक्षांकन

देश ठरल्याशिवाय या टप्प्याला हात लावू नका, कारण शिक्क्यांची साखळी देशावर अवलंबून असते.

पहिली कडी राज्याची. शैक्षणिक कागद ज्या राज्यातून मिळाला त्याच राज्याच्या शिक्षण खात्याकडे जातो. एम. एस. युनिव्हर्सिटीची पदवी असेल तर गांधीनगर. आपल्यात बरेच जण शिकायला पुण्याला किंवा मुंबईला गेलेले असतात. त्यांची पदवी गांधीनगरात स्वीकारत नाहीत, महाराष्ट्राकडेच न्यावी लागते. त्याआधी युनिव्हर्सिटीकडून पडताळणी मागू शकतात, तिची तयारी ठेवा. प्रोव्हिजनल सर्टिफिकेट घेऊन जाऊ नका, पदवीदानानंतरचा मूळ कागद लागतो.

दुसरी कडी परराष्ट्र मंत्रालयाची, आणि इथे दोन वाटा फुटतात. अपॉस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, करारातल्या देशांत चालणारा शिक्का. देश हेगच्या अपॉस्टिल करारात असेल, तर मंत्रालयाचं अपॉस्टिल स्टिकर हा शेवटचा शिक्का. भारत २००५ पासून या करारात आहे. जपान, दक्षिण कोरिया, ओमान आणि सौदी अरेबियाही आहेत, चीनमध्ये करार नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला. देश करारात नसेल, जशी संयुक्त अरब अमिराती, तर मंत्रालयाच्या साध्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, अशी साखळी लांबते. करारात देशांची भर पडत असते, म्हणून कागद पाठवण्याच्या दिवशी हेग परिषदेच्या संकेतस्थळावरची यादी उघडून बघा.

मंत्रालय बहुतेक कागद नेमलेल्या संस्थांमार्फत घेतं. अपॉस्टिलचं सरकारी शुल्क प्रत्येक कागदाला फक्त ५० रुपये आहे, वर त्या संस्थेचा सेवाखर्च. कोणी एका पदवीसाठी मोठी रक्कम मागत असेल, तर त्यातलं सरकारी किती आणि हमाली किती, हे लिहून मागा.

सावध : परदेशी संस्थेने दिलेल्या सर्टिफिकेटवर भारताचं मंत्रालय शिक्का मारत नाही. ब्रिटनमधून आलेल्या सर्टिफिकेटला ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याचंच अपॉस्टिल लागतं. कोर्सचे पैसे भरण्याआधी संस्थेला विचारा की प्रमाणपत्र कोणत्या देशातून निघतं, ते कागदावर मिळतं का, आणि अपॉस्टिल करून देण्याची सोय त्यांच्याकडे आहे का. याचा खर्च कधी कधी कोर्सच्या फीच्या जवळ जातो.

## टप्पा ४ : सर्टिफिकेट आता निवडा

सगळ्या जगाने मान्य केलेली एकच मान्यता-संस्था या क्षेत्रात नाही. त्यामुळे 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त' या शब्दांना फारसं वजन देऊ नका. कोर्समध्ये खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, परीक्षक बसलेला असताना, किती तास शिकवावं लागतं, हा प्रश्न विचारा.

केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी अध्यापनाच्या कोर्समध्ये किमान १२० तासांचं शिक्षण असतं. त्यात सहा तास प्रत्यक्ष शिकवणं, दोन वेगवेगळ्या पातळ्यांचे वर्ग, चार लेखी कामं आणि अनुभवी शिक्षकांच्या तासांचं निरीक्षण येतं. ट्रिनिटी या ब्रिटिश परीक्षा-संस्थेचा सर्टटीसॉल साधारण त्याच दर्जाचा, किमान १३० तासांचा. सेल्टा पूर्ण ऑनलाइनही करता येतो, म्हणजे बडोदा न सोडता. पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवडे दुसरं काहीही करता येत नाही. नोकरी सांभाळून करणाऱ्यांनी अर्धवेळ तुकडीच घ्यावी.

नुसता व्हिडिओ बघून प्रश्न सोडवायचा १२० तासांचा स्वस्त कोर्स व्हिसाच्या कागदापुरता काही देशांत चालतो, तो निरुपयोगी नाही. पण त्यातून वर्ग घेता येत नाही, आणि डेमोच्या, म्हणजे मुलाखतीतल्या नमुना तासाच्या, पहिल्या पाच मिनिटांत ते दिसतं. आणि यातलं कुठलंही सर्टिफिकेट बी.एड.ची जागा घेत नाही. आंतरराष्ट्रीय शाळांना शिक्षकाचा परवाना हवा असतो, भाषा-संस्थांना सर्टिफिकेट.

## टप्पा ५ : स्वतःचं इंग्रजी घासा, मग वर्ग घ्यायला शिका

लोक सगळ्यात कमी वेळ या टप्प्याला देतात. माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच द्यायला हवा.

उच्चार. ब्रिटिश किंवा अमेरिकन ढंग आणायला जाऊ नका, नकली ढंग लगेच ओळखू येतो. शब्दातला आघात मात्र बरोबर हवा. 'फोटोग्राफ', 'फोटोग्राफर', 'फोटोग्राफिक' या तिन्हींत जोर वेगवेगळ्या ठिकाणी पडतो, आपण तिन्ही एकाच सुरात म्हणतो. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम, ओठ गोल. 'व्हेस्ट' म्हणजे बनियन, वरचे दात खालच्या ओठावर. 'शिप' आणि 'शीप'मध्ये नुसती लांबी नाही, स्वरच बदलतो. बडोद्यात वाढलेल्यांनी आणखी एक कान द्यावा : गुजराती वळणामुळे 'स्नॅक्स' आणि 'स्नेक्स', 'हॉल' आणि 'होल' एक होतात. रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचा, फोनवर रेकॉर्ड करा आणि तोच मजकूर एखाद्या बातमीदाराच्या आवाजाशी ताडून बघा.

वाक्यं. 'आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय हॅव अ डाउट', 'आय पास्ड आउट इन २०२०' ही वाक्यं भारतात सगळ्यांना कळतात, बाहेर चुकीची वाटतात. पण तुम्ही वर्गात बोलाल ते विद्यार्थी तसंच उचलतील आणि मुलाखत घेणाराही हेच टिपून ठेवेल. सेल्टाला प्रवेश मिळण्यासाठी भाषेच्या युरोपीय मापातली वरची सी-१ पातळी लागते.

वर्ग. इथे शिकवताना आपण अडलो की गुजरातीत, हिंदीत नाहीतर मराठीत समजावतो. हनोईच्या वर्गात ती सोय नाही, म्हणून सराव त्या अटीवरच करा. एम. एस. युनिव्हर्सिटीत परदेशी विद्यार्थी शिकतात, त्यांतल्या ज्यांना इंग्रजी सुधारायचं आहे अशा दोघा-तिघांना आठवड्यातून दोनदा मोफत शिकवा. तुमची भाषा त्यांना येत नाही आणि त्यांची तुम्हाला, असाच सराव हवा. ते जमलं नाही तर शेजारच्या मुलांचा वर्ग घ्या, पण पूर्ण तास एकही भारतीय भाषा न वापरता.

त्या वर्गात चार सवयी लावून घ्या.

पहिली, 'समजलं का?' असं विचारणं सोडा. सगळे मान हलवतात. 'ही यूज्ड टू स्मोक' शिकवत असाल तर विचारा : तो आता ओढतो का? पूर्वी ओढायचा का? एकदाच की नेहमी? उत्तरं बरोबर आली तरच पुढे जा.

दुसरी, सूचना आधी, कागद नंतर. कागद हातात पडला की कोणी ऐकत नाही. आधी एका विद्यार्थ्याबरोबर करून दाखवा, मग वाटा.

तिसरी, स्वतः कमी बोला. तास रेकॉर्ड करून तुमची मिनिटं आणि विद्यार्थ्यांची मिनिटं वेगळी मोजा. व्याकरणाचा नियम फळ्यावर लिहून समजावण्याची आपली शाळेतली पद्धत इथे आडवी येते. आधी प्रसंग, मग वाक्य, नियम शेवटी आणि तोही थोडक्यात.

चौथी, तासाची आखणी मिनिटांत लिहा. वेळ कमी पडला तर काय गाळायचं, हेही त्याच कागदावर.

तपासा : ओळखीच्या एखाद्या अनुभवी शिक्षिकेला मागे बसवून पूर्ण तास घ्या. त्यांच्या टिपणात तुमच्या बोलण्यापेक्षा विद्यार्थ्यांच्या बोलण्याबद्दल जास्त लिहिलेलं असेल तर तुमची तयारी झाली.

## टप्पा ६ : अर्ज आणि डेमो

बायोडेटा दोन पानांचा. राष्ट्रीयत्व पहिल्याच पानावर स्पष्ट लिहा. लपवून मुलाखतीपर्यंत पोचलात तरी व्हिसाच्या वेळी थांबालच. डेमो ठरला की तीन गोष्टी विचारून घ्या : विद्यार्थ्यांची पातळी, वय आणि किती मिनिटं. बहुतेक लोक डेमोत खूप काही दाखवायला जातात. वीस मिनिटांत एकच मुद्दा शिकवा आणि तो विद्यार्थ्यांच्या तोंडून आलेला दिसू द्या.

## टप्पा ७ : करार आणि एजंट

करारात आठवड्याचे शिकवण्याचे तास आणि शाळेत हजर राहण्याचे तास वेगळे लिहिलेले हवेत. वर्क परमिटचा खर्च कोणाचा, घर कोणाचं, सुट्टीतला पगार मिळतो का, मुदतीआधी सोडलं तर दंड किती, एवढं नीट वाचा. संयुक्त अरब अमिरातीत नोकरभरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून घेणं कायद्याने मना आहे, आणि मालकाने पासपोर्ट ठेवून घेणंही.

अलकापुरी आणि फतेहगंजच्या रस्त्यांवर कन्सल्टन्सीच्या पाट्यांची कमी नाही. पण विद्यार्थी व्हिसाची कामं करणारी कन्सल्टन्सी आणि परदेशी नोकरीवर पाठवण्याचा परवाना असलेला नोंदणीकृत एजंट या वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना क्रमांक मागा आणि भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटाला तुमच्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन.

सावध : 'आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग बदलून देऊ' हे वाक्य आलं की बोलणं थांबवा. टुरिस्ट व्हिसावर शिकवणं थायलंड आणि व्हिएतनाम दोन्हीकडे बेकायदा आहे. पकडल्यावर दंड आणि हकालपट्टी शिक्षकाच्या वाट्याला येते. डेमो न घेता, पदवी न बघता, भरघोस पगार आणि थेट बँकॉकचं तिकीट देऊ करणारे त्याहून धोक्याचे. अशाच बनावट नोकऱ्यांतून भारतीय तरुणांना थायलंडमार्गे म्यानमारच्या म्यावड्डी भागात नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं, आणि परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासून त्याबद्दल इशारे दिले आहेत.

## टप्पा ८ : पोलीस दाखला, तपासणी, व्हिसा

पदवीचा शिक्का शिळा होत नाही, पोलीस दाखला होतो. बहुतेक देश तो सहा महिन्यांच्या आतला मागतात. म्हणून करार हातात आल्यावरच पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून अर्ज करा. शुल्क ५०० रुपये आहे. सध्याचा पत्ता पासपोर्टवरच्या पत्त्याहून वेगळा असेल, म्हणजे पासपोर्ट रावपुऱ्याचा आणि राहणं मांजलपुरात, तर पुन्हा पोलीस पडताळणी होते. तेवढे दिवस हिशेबात धरा. वैद्यकीय तपासणी त्या देशाने मान्य केलेल्या केंद्रातच करावी, दुसरीकडची वाया जाते.

व्हिसा पासपोर्टवर दिसेपर्यंत तिकीट काढू नका आणि इथली नोकरी सोडू नका.

## टप्पा ९ : निघण्याआधी आणि पोचल्यावर

सगळे कागद स्कॅन करून घरातल्या एका माणसाकडे ठेवा. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं खातं, करावं लागतं, ते बँकेत सांगून जा. पोचल्यावर भारतीय दूतावासात नोंद करा. वर्क परमिट हातात पडल्यावर त्यावर शाळेचं नाव तेच आहे ना, हे बघा. परमिट एका संस्थेचं आणि शिकवणं दुसरीकडे, हाही गुन्हाच.

नोकरी संपवताना दोन कागद घेतल्याशिवाय विमानात बसू नका : शाळेच्या लेटरहेडवरचं इंग्रजीतलं अनुभवपत्र, त्यात वर्गांची पातळी आणि तारखा, आणि त्या देशाचा पोलीस दाखला. पुढचा देश तो मागू शकतो, आणि बडोद्यात बसून हनोईच्या किंवा बँकॉकच्या कार्यालयातून तो मिळवायला महिने जातात.